डाव्या खांद्यामागची झील

दुसऱ्याच्या मागं उभं राहण्यात आमच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात झाला नाही. मामा म्हणजे माझे मामासासरे, सासूबाईंचे धाकटे भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही की स्वतःचं घर केलं नाही. बहिणीच्या घरात, म्हणजे आमच्याच घरात ते राहिले, आणि खोलीसुद्धा मागचीच मागून घेतली. जगातली बाकीची माणसं रांगेत दोन पावलं पुढं सरकायला मिळावं म्हणून जिवाचं रान करतात. मामांचा नंबर आला की ते वळून मागच्याला म्हणायचे, "व्हा म्होरं, पावणं. मला काय घाई न्हाई." एकदा दाढ दुखते म्हणून सकाळी नऊला दवाखान्यात गेले आणि दुपारी दीडला दाढेसकट परत आले. मागनं येणाऱ्या सगळ्यांचं दुखणं आपल्यापेक्षा मोठं होतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्याबरोबर भाजीला निघाले तरी एक पाऊल मागं, आणि तेही डावीकडून. मी आपली मान वळवून वळवून त्यांच्याशी बोलायची. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी सासूबाईंना हळूच विचारलंही होतं, तुमची सून रस्त्यानं एकटीच बोलत जाते का म्हणून.

या सगळ्याला कारण होतं. मामा चाळीसेक वर्षं एका शाहिरांचे झीलकरी होते. पोवाड्यात शाहीर पुढं उभा राहतो, डफावर थाप मारतो आणि ओळ फेकतो. ओळ संपता संपता मागं उभा असलेला झीलकरी ती उंच सुरात उचलून धरतो, "जी जी रं जी." ती झील. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, फेटा सावरतो, पुढची ओळ जमवतो. कार्यक्रम संपल्यावर लोकांना शाहीर आठवतो, पोवाडा आठवतो, डफसुद्धा आठवतो. झीलकऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. मामांना त्याचं काहीच वाटत नसे. शाहिरांच्या डाव्या खांद्यामागं, हातात तुणतुणं घेऊन, हीच आपली जागा असं त्यांनी विसाव्या वर्षी ठरवलं आणि मंचावरून उतरल्यावरही ती सोडायची राहून गेली. शाहीर म्हणजे उंच, मिशाळ, गडगडाटी माणूस. त्यांनी आमच्याकडे चहा मागितला तर शेजारणीनं आधण ठेवावं. मामा त्यांच्या निम्म्यानं. दोघं रस्त्यानं येत असले की लांबून एकटे शाहीरच येताहेत असं वाटायचं.

त्यामुळे मामांचा एकही धड फोटो नव्हता. कार्यक्रमांचे फोटो ढीगभर, पण सगळ्यांत पुढं शाहीर, आणि त्यांच्या खांद्यामागून डोकावणारा कुठं मामांचा कान, कुठं अर्धी मिशी, कुठं नुसता फेट्याचा शेमला आणि तुणतुण्याची खुंटी. मामा तो अल्बम पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं दाखवायचे. कानावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "ह्यो मी." पाहुणे कान बघून माना डोलवायचे.

माझी आणि मामांची पहिली गाठ भांडणानंच पडली. म्हणजे भांडले मी एकटीच. माझं माहेर हुपरीचं. घराच्या मागच्या सोप्यात वडील चांदीची पैंजणं घडवायचे, आणि त्या ठोक्यांच्या तालावर मी लहानपणापासून यमकं जुळवत आलेली. लग्नात मागून आणलेला उखाणा घ्यायचा नाही, स्वतः रचलेलाच घ्यायचा, असा माझा पण होता. सासरच्या उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं, आत साठ-सत्तर माणसं कान टवकारून उभी, आणि मी सुरुवात केली:

हुपरीच्या भट्टीत चांदीचं होतं पाणी,
पैंजणाच्या घुंगरांत माहेरची गाणी…

आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. डोक्यात काही म्हणता काही उरलं नाही. सासूबाईंची मैत्रीण पदर तोंडाला लावून हसायच्या बेतात होती. तेवढ्यात माझ्या डाव्या खांद्यामागून कुणीतरी उंच आवाजात सुरू केलं, "जी जी रं जी, जी रं जी जी," आणि ते थांबेचना. सगळा मांडव खोखो हसायला लागला. मला इतका राग आला की त्या रागातच पुढच्या ओळी आठवल्या:

पाऊल टाकते उंबऱ्यात, घर आहे भरलेलं,
सर्जेरावांचं नाव माझ्या कपाळावर कोरलेलं.

झील तिथंच थांबली. मी माप असं लाथाडलं की तांदूळ माजघरापर्यंत गेले. नव्या सुनेची चारचौघांत टिंगल करणारा हा कोण रिकामटेकडा, म्हणून मी दिवाळीपर्यंत मामांशी बोलले नाही. त्यांनाही ते बरेच दिवस कळलं नसावं, कारण मी पाठ फिरवून बसायची आणि ते नेहमीप्रमाणे माझ्या मागंच असायचे.

पुढं मला कळलं की झील द्यायला मामांना पोवाडाच लागतो असं नाही. सासूबाई दूधवाल्यावर चिडून तावातावानं बोलत असल्या, की वाक्याच्या शेवटी मागच्या खोलीतून बारीक "जी जी" यायचं आणि त्यांचा राग हसण्यात वाहून जायचा. एकदा कॉलनीच्या सभेत आमच्या यांनी पाण्याच्या टाकीवर बोलायला उठून तोंड उघडलं आणि नेमका मुद्दा विसरले. मामांनी मागच्या खुर्चीवरून झील धरली ती यांना टाकी आठवेपर्यंत सोडली नाही. माझ्या स्वयंपाकघरात तर त्यांचा रियाज चालायचा. आमचा जुना मिक्सर बरोबर शाहिरांच्या पट्टीत बोलतो, असा शोध त्यांनी लावला होता. मी चटणी वाटायला घेतली की मामा दारात हजर. चटणी बारीक झाली तरी, "जरा आनी फिरीव की," म्हणायचे. आमच्याकडे दाण्याची चटणी खायची सोय नव्हती, पिठी व्हायची तिची.

शाहिरांचा सगळ्यांत गाजलेला पोवाडा म्हणजे जिल्ह्याचा पोवाडा. त्यात एकेका गावाचा एकेक चौक, म्हणजे कडवं. कुरुंदवाडला दोन नद्या भेटतात तो लांबलचक, नेसरीचा आखूड आणि तडफदार. आमच्या हुपरीचा असा सुरू व्हायचा:

हुपरीच्या हातानं घडं चांदीचं पैंजण,
चालंल तिथं उमटं माहेराची खूण…

नव्या गावात कार्यक्रम झाला की नवा चौक जोडला जायचा, जुना थोडा बदलायचा. त्यामुळे शाहिरांनी तो कधी कागदावर उतरवला नाही. आता एवढी गावं एका माणसाच्या डोक्यात कशी राहणार? कुरुंदवाडच्या शाळेच्या मैदानावर मी एकदा मंचाच्या बाजूला बसले होते, तेव्हा मला ते दिसलं. ऐन कुरुंदवाडचा चौक आला आणि शाहीर कुरुंदवाडच विसरले. डफ हातात, डोळे भिरभिरलेले. मामांनी झील धरली आणि अशी लांबवली, वळवली, चढवली की पुढच्या रांगेतले एक आजोबा उठून टाळ्या वाजवायला लागले. त्या टाळ्यांच्या आवाजात मामांनी पुढं वाकून एकच शब्द सांगितला, आणि शाहीर नदीसारखे सुटले.

परतीच्या एसटीत खिडकीशी तुणतुणं होतं, त्याच्या शेजारी मी आणि मागच्या सीटवर मामा. मी विचारलं, हे नेहमीचं का. ते म्हणाले, "झील शोभंसाठी नसती, पोरी. म्होरल्याला आठवंस्तवर धरून ठिवायचं. त्यो पडला न्हाई पायजे."

मला माझा उंबरा आठवला, ते माप आठवलं, दिवाळीपर्यंतचा माझा अबोला आठवला. इतकी वर्षं मी ज्याला चेष्टा समजत होते तो आधार होता. चुकलं म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी मी गरम धपाटी केली आणि सगळ्यांच्या आधी मामांना वाढली. त्यांनी ताट उचलून सासूबाईंपुढं सरकवलं.

पुढं सासूबाई गेल्या. त्यानंतरच्या वर्षी आमच्या कॉलनीच्या सभागृहात महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला. अट एकच, घरातल्या सगळ्यांनी मिळून यायचं. कुणाच्या आजीनं जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या, कुणी भीमगीतं आणायची, कुणी धनगरी ढोल, बायकांचा झिम्मा, बापलेकींची लेझीम. शेवट ठरलेला, शाहीर आणि मामा. पोरं आपापल्या आजोळच्या गावाचं नाव ओरडायची आणि शाहीर त्या गावाचा चौक म्हणायचे. आपल्या गावाचं नाव ऐकताना माणसांचे चेहरे कसे होतात ते मी तिथं बघितलं. साखर कारखान्यात आयुष्य काढलेले, कधी न हसणारे एक काका नेसरीच्या चौकाला डोळे पुसायचे.

दोन वर्षांपूर्वी शाहीर गेले. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि गेले. रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर पुष्कळ माणसं जमली होती. भाषणं झाली. मी मामांना शोधत होते. ते गर्दीच्या कडेला उभे होते. त्यांच्या पुढं, जरा उजवीकडं, एका माणसापुरती जागा मोकळी होती आणि मामा त्या मोकळ्या जागेच्या मागं उभे होते. कुणीतरी त्या जागेत सरकायला गेलं तर मामांनी हातानं अडवलं. घरी आल्यावर त्यांनी तुणतुणं टॉवेलात गुंडाळून माळ्यावर ठेवलं.

मग मी त्यांच्या मागं लागले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मामांच्या मागं लागलं असेल. पोवाडा आता फक्त तुमच्याकडे आहे, तुम्ही म्हणा, रविवारी लोक विचारतात, असं मी रोज काहीतरी बोलायची. मामा ऐकून घ्यायचे आणि नाही अशी मान हलवायचे. शाहिराची ओळ झीलकऱ्यानं तोंडात घ्यायची नसते, ती चोरी, असा त्यांच्यातला रिवाज होता, आणि ओळ ज्याची स्वतःची नाही त्याला झीलही द्यायची नसते. मी म्हटलं, मग नुसते शब्द सांगा, मी लिहून घेते. तर ते म्हणाले, झील धरल्याशिवाय शब्द येत नाहीत, आणि पुढं कुणी नसताना झील धरायची कशी.

असे पाच-सहा महिने गेले. मग एका दुपारी मी चटणी वाटत असताना मामा दारात आले आणि मोबाईल काढ म्हणाले. माझा विश्वास बसेना. त्यांनी स्वयंपाकघरात मधोमध एक स्टूल ठेवायला लावलं, मिक्सर क्षणभर फिरवून पट्टी कानात घेतली, मिक्सर बंद करवला, आणि रिकाम्या स्टुलाच्या डाव्या बाजूला मागं जाऊन उभे राहिले. मला बाहेर जायला सांगितलं. मी मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून तो ओट्यावर ठेवला आणि दाराआड बसले.

आतून झील आली. मग काहीच नाही. बऱ्याच वेळानं पुन्हा झील. पुन्हा काहीच नाही. कधी लांब शांतता, कधी थोडी. पाऊण तास हे असं चाललं. मामा विसरतात, म्हातारपण आलं, एवढा मोठा पोवाडा आणि त्यातलं झीलीशिवाय काही उरलं नाही, असंच मी धरून चालले. दार उघडून बाहेर आले तेव्हा ते घामानं भिजले होते आणि इतके खूश होते की मला काही विचारवेना.

आता मी केलं ते सांगते. मोबाईलमध्ये रिकाम्या जागा कापून टाकायची सोय असते. चारचौघांत मामांची फजिती नको, ते विसरतात हे कुणाला कळायला नको, म्हणून मी त्या सगळ्या शांत जागा कापून टाकल्या. पाऊण तासाचं सहा मिनिटांवर आलं. मूळचं पुसून टाकलं, जागा अडते म्हणून. आपण म्हाताऱ्याची अब्रू राखली, अशा समाधानात मी त्या रात्री झोपले.

पहिल्या रविवारी शाहिरांना आदरांजली म्हणून ते लावलं. सहा मिनिटं नुसती झील, एकामागून एक, मध्ये श्वासाला जागा नाही. पहिलं मिनिटभर लोक गंभीर बसले. मग पोरं टाळ्या द्यायला लागली, मग नाचायला लागली, आणि मोठ्या माणसांनाही हसू आवरेना. मलाही वाटलं, बरं रंगलं. मागं वळून बघितलं तर शेवटच्या रांगेतली डावीकडची खुर्ची रिकामी होती.

घरी मामा पायरीवर बसले होते. मी शेजारी बसले तसे म्हणाले, "पोरी, त्यातनं शाहीर कुठं गेलं?"

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, न रागावता, जसं लहान मुलाला सांगावं तसं. प्रत्येक शांत जागेत शाहिरांचा एक चौक होता. तो त्यांनी मनात पुरता म्हटला होता, शाहिरांच्याच चालीत, शाहीर जिथं दम घ्यायचे तिथं दम घेऊन. कुरुंदवाडची जागा लांब, नेसरीची आखूड. हुपरीच्या चौकात शाहीर एका शब्दावर नेहमी रेंगाळायचे, तेवढंही ते रेंगाळले होते. एक शब्द विसरले नव्हते. त्यांच्या मते त्यांनी सगळा पोवाडा मला दिला होता.

मी मोबाईल उघडून वेड्यासारखी शोधत बसले. काही राहिलं नव्हतं. पुन्हा करू म्हटलं. ते म्हणाले, "आता न्हाई हुयाचं. माज्यासंगं त्यांचं शेवटचं हुतं ते."

त्या दिवसापासून आमच्या घरातली झील बंद झाली. मामा रागावले नव्हते, आणि ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी मुद्दाम मिक्सर फिरवत बसायची, दारात कुणी यायचं नाही. हे जेवताना ऑफिसातलं काहीतरी तावातावानं सांगायचे, शेवटी आम्ही दोघंही नकळत थांबायचो, आणि मागच्या खोलीतून काही आलं नाही की यांचं वाक्य तसंच लोंबकळत राहायचं. रविवारचे कार्यक्रम चालू होते. मामा यायचे, शेवटच्या रांगेत बसायचे, सगळ्यांसाठी टाळ्या वाजवायचे. त्यांनी मला बोल लावला असता तर मी भांडले तरी असते. माझं सगळं बळ भांडणात, आणि इथं भांडायला काही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ धरला आणि ते पंधरा दिवसांत गेले. फ्रेमला लावायला फोटो शोधायची वेळ आली तेव्हा आम्ही सगळा अल्बम जमिनीवर पसरला. फोटोवाला म्हणाला, यातला चेहरा पुरा करता येत नाही. शेवटी आम्ही त्यातल्या त्यात बरा फोटो मोठा करून लावला. त्यात शाहीर हात वर करून उभे आहेत, आणि त्यांच्या डाव्या खांद्यामागून मामांचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसते. घरी येणारे हार घातलेला फोटो बघून विचारतात, हे मिशाळ गृहस्थ कोण. मी खांद्यामागं बोट ठेवते आणि म्हणते, हे आमचे मामा.

पण ते जायच्या आठवडाभर आधीची एक दुपार आहे. मी पेज घेऊन त्यांच्या खोलीत गेले होते. दोन चमचे घेऊन त्यांनी नको म्हटलं. मला राहवेना. मी हळू आवाजात शाहिरांचा हुपरीचा चौक सुरू केला, येत होत्या तेवढ्या दोन ओळी. मामांनी डोळे मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडं वळवलं. बरोबरच होतं, ती ओळ माझी नव्हती. मग माझी अशी कुठली ओळ आहे, असा विचार करत मी वाटी खाली ठेवली. पलंगाच्या कडेवर त्यांच्याकडं पाठ करून बसले, जरा उजवीकडं सरकून, म्हणजे ते माझ्या डाव्या खांद्यामागं येतील. आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा उखाणा म्हणायला लागले. भट्टीत चांदीचं होतं पाणी. घुंगरांत माहेरची गाणी. तिथं थांबले.

मी मागं वळून बघितलं नाही. मग माझ्या खांद्यामागून आली, बारीक, फाटलेली, पण नेमक्या सुरात, "जी जी रं जी."

ते धरून राहिले. मला आठवेपर्यंत सोडायची नाही, हा त्यांचा नियमच होता. तिसरी ओळ मला चांगली येत होती, ओठांवर होती. तरी मी म्हटली नाही. मी बसून राहिले आणि ते माझ्यासाठी धरून राहिले. मग त्यांचा दम तुटायला लागला, तेव्हा मी म्हटलं, पाऊल टाकते उंबऱ्यात.